बाईंसाठी मांडलेले नाताळचे टेबल

गेली एकवीस वर्षे आमचे नाताळचे जेवण बाईंच्या घरी होत असे. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या ज्येष्ठ सहकारी. त्या मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, लग्नानंतर ग्वाल्हेरला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. दिवाळीत आमच्या घरून फराळाचा स्टीलचा डबा त्यांच्याकडे जातो आणि नाताळच्या आदल्या दिवशी तोच डबा करंज्या आणि शंकरपाळ्यांनी भरून परत येतो. या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्वयंपाकघरात उभे राहण्यास मनाई केली. तेव्हा मी त्यांना फोन करून म्हटले, "बाई, या वर्षी पंचवीस तारखेला तुम्ही आमच्या पाहुण्या." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण टेबल मी मांडलेले नसेल तर मला नाताळ झाल्यासारखा वाटेल का?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता, मी मात्र तो फार मनावर घेतला आणि पुढचे तीन आठवडे टेबल कसे मांडावे याचाच विचार करत राहिले.

पाहुण्यांसाठी टेबल सजवण्यात माझी एकदा मोठी चूक झाली होती. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या साखरपुड्यानंतर व्याही मंडळी आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा मी टेबलाच्या मधोमध उंच काचेच्या फुलदाणीत निशिगंध भरला होता आणि भोवती सुगंधी मेणबत्त्या लावल्या होत्या. छायाचित्रात ते टेबल सुरेख दिसते. प्रत्यक्षात समोरासमोर बसलेल्या दोन विहिणींना एकमेकींशी बोलताना माना वाकवाव्या लागत होत्या, आणि मसालेभाताच्या वासावर निशिगंधाने आणि मेणबत्त्यांनी मिळून अशी मात केली की भात कसा झाला आहे हे कोणाला कळलेच नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते, तो असा की टेबलावरील प्रत्येक वस्तू जेवणाऱ्याच्या सोयीची असावी, आणि जी तशी नसेल ती कितीही सुंदर असली तरी टेबलावर येऊ नये.

आमचे टेबल सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. जेवताना एका माणसाला कोपर मोकळे हलवण्यासाठी साधारण दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर जागा लागते. त्या हिशेबाने दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक अशी आठ माणसे तेथे बरोबर बसतात, आणि आम्ही आठच होतो: बाई, त्यांचे यजमान म्हणजे सर, त्यांची भाची आणि तिची दोन मुले, शिवाय माझ्या सासूबाई, हे आणि मी. तरीही मी नववे ताट मांडण्याचे ठरवले. पोलंडमध्ये 24 डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला, ज्याला तेथे विगिलिया म्हणतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जादा ताट मांडून ठेवण्याची रीत आहे. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर ते जेवण सुरू होते आणि बाळ येशूला ठेवले त्या गव्हाणीची आठवण म्हणून टेबलक्लॉथखाली थोडे वाळलेले गवत पसरतात. ही रीत मला फार जवळची वाटते, कारण आमच्या सासरीही भात नेहमी एका माणसाचा जास्तच शिजतो.

नवव्या ताटासाठी जागा करायची म्हणून मुलाचे जुने अभ्यासाचे टेबल एका टोकाला जोडले. ते तीन सेंटिमीटरने ठेंगणे निघाले, तेव्हा ह्यांनी त्याच्या चारही पायांखाली लाकडी फळीचे तुकडे ठेवून दोन्ही टेबले एका पातळीत आणली. दोहोंमधला जोड लपवण्यासाठी वरून जुनी सोलापुरी चादर अंथरली. या चादरीचा उपयोग केवळ जोड लपवण्यापुरता नाही. टेबलक्लॉथखाली असे जाड कापड असले की ताटे आणि पेले ठेवताना आवाज होत नाही, गरम भांड्याची धग लाकडापर्यंत पोचत नाही, आणि वरचे पांढरे कापड निसटत नाही. जुन्या हॉटेलांमध्येही पांढऱ्या कापडाखाली असे जाड कापड घालत असत. टेबलक्लॉथ पांढरा सुती होता. त्याला तांदळाची हलकी खळ दिली होती आणि घड्यांच्या रेषा राहू नयेत म्हणून तो टेबलावर अंथरल्यानंतरच पाण्याचा हात देऊन पुन्हा इस्त्री केली. कापड कडेवरून साधारण वीतभर खाली यावे. त्याहून जास्त आले तर बसणाऱ्याच्या मांडीवर गोळा होते, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला त्याचा फार त्रास होतो.

आता रंगांविषयी लिहिते. नाताळ म्हटले की लाल आणि हिरवा हे दोन रंग डोळ्यांसमोर येतात. त्यांचे मूळ युरोपातल्या हॉली या झुडपात असल्याचे मानतात, ज्याची पाने हिवाळ्यातही हिरवीगार राहतात आणि फळे लालभडक असतात. बाजारात डिसेंबर लागताच या दोन रंगांचे कागद, प्लास्टिकच्या माळा, चमकी आणि टोप्या यांचे ढीग लागतात. मी महाराज बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या मुख्य बाजारात, दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आले, कारण त्यातली एकही वस्तू बाईंच्या टेबलावर मी कधी पाहिलेली नव्हती. त्यांच्याकडे पांढरे कापड, चार मेणबत्त्या आणि बागेतली फुले असत. मग मीही लाल रंग एकाच ठिकाणी, टेबलाच्या मध्यभागी ठेवण्याचे ठरवले.

तो लाल रंग पॉइनसेटियाचा होता. हे झाड मूळचे मेक्सिकोचे, परंतु ग्वाल्हेरच्या थंडीत ते उत्तम रंगते. ज्याला आपण त्याचे लाल फूल म्हणतो ती खरे तर पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे त्या पानांच्या मधोमध असलेले बारीक पिवळे ठिपके. पाने लाल होण्यासाठी या झाडाला सलग लांब रात्र लागते. डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे रात्र साडेतेरा तासांच्या आसपास असते आणि नेमक्या त्याच दिवसांत हा रंग भरात येतो. पॉइनसेटियाची फांदी तोडली तर त्यातून पांढरा चीक गळतो आणि तो टेबलक्लॉथवर पडला की डाग पडतो. म्हणून फांद्या न तोडता मी तीन लहान कुंड्याच सासूबाईंच्या पितळी गडव्यांमध्ये उतरवल्या आणि ते गडवे एका मोठ्या परातीत ठेवले. भोवती मोरपंखीच्या डहाळ्या आणि नागपुरी संत्री रचली. सहा संत्र्यांमध्ये लवंगा खोचल्या होत्या. संत्र्याच्या सालीला सुईने आधी बारीक भोक पाडायचे आणि मग लवंग बसवायची, नाहीतर लवंगेची काडी मोडते. ही इंग्लंडमधली जुनी नाताळची रीत आहे, आणि तिचा वास जेवणाच्या आड येत नाही, कारण लवंग आपल्या पुलावातही असतेच. परात धरून ही सगळी रचना एक फुटापेक्षा उंच होणार नाही याची मी फुटपट्टी लावून खात्री करून घेतली. निशिगंधाने शिकवलेला तो धडा होता.

मोहरीचा प्रयोग मात्र फसला. या दिवसांत मुरैन्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मोहरीची शेते पिवळी होऊन जातात, आणि नाताळच्या टेबलावर आपल्या मुलखातले काहीतरी असावे असे मला फार वाटत होते. म्हणून आदल्या दिवशी मोहरीचे चार तुरे आणून पेल्यात ठेवून पाहिले. दोन तासांत पांढऱ्या कापडावर बारीक पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला. जेवताना त्या वाटीत उतरल्या असत्या, म्हणून ते तुरे मी खिडकीत नेऊन ठेवले.

आपल्या मुलखाचा ठसा मग दुसऱ्या वाटेने आला. सासूबाईंची एक मोतिया रंगाची चंदेरी निऱ्यांपाशी विरली होती आणि कित्येक वर्षे पेटीत पडून होती. चंदेरी हे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातलेच गाव आहे. तेथल्या साडीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, आणि रेशमाचा डिंक काढून न टाकता ते विणतात म्हणून कापडाला ती पारदर्शक झळाळी येते. ही साडी कापू का, असे मी भीतभीतच विचारले. सासूबाई म्हणाल्या, "पेटीत झुरळांसाठी ठेवण्यापेक्षा बाईंसमोर अंथर." जरीचा काठ आणि अशर्फी बुट्टे असलेला पदराचा भाग कापून, कडा दुमडून, मी त्याचा टेबलाच्या लांबीचा रनर, म्हणजे मधोमध अंथरायची पट्टी, शिवला. मेणबत्त्या पेटल्यावर त्या नाजूक कापडातून खालचे पांढरे सूत दिसत होते आणि बुट्टे तेवढे चमकत होते. संपूर्ण मांडणीत मला सर्वांत अधिक समाधान या कापडाने दिले.

मेणबत्त्या चारच होत्या. बाईंच्या घरी नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात. ही प्रथा जर्मनीतल्या हॅम्बर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न यांनी 1839 मध्ये निराधार मुलांसाठी सुरू केली, कारण नाताळला किती दिवस उरले असे ती मुले पुन्हापुन्हा विचारत असत. त्यामुळे चार या संख्येला अर्थ आहे, आणि तो राखायचा तर पाचवी मेणबत्ती शोभेसाठी लावायची नाही असे मला वाटले. मेणबत्त्या बिनवासाच्या आणि डोळ्यांच्या पातळीखाली राहतील इतक्या ठेंगण्या घेतल्या आणि पितळी वाट्यांमध्ये वाळू भरून त्यात रोवल्या. समई किंवा निरांजन ठेवण्याची सूचना एका मैत्रिणीने केली होती. ती मी मानली नाही, कारण समई आमच्या देवघरातली आहे आणि नाताळ बाईंच्या श्रद्धेचा सण आहे. एकाची पूजेची वस्तू दुसऱ्याच्या सणात शोभेची करू नये. त्याच विचाराने भाचीच्या मुलांनी मातीची केलेली लहानशी गव्हाणी मी जेवणाच्या भांड्यांमध्ये ठेवली नाही. तिला खिडकीजवळ वेगळ्या चौरंगावर, गवत अंथरून, मानाची जागा दिली.

ताटाभोवतीच्या मांडणीचे मात्र मला मुळीच ओझे वाटले नाही. पंगतीत वाढायला शिकलेल्या स्त्रीला ही शिस्त नवी नसते. आपल्या पानाला डावे-उजवे असते: मीठ वर मध्यभागी, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, आणि अंधारातही हात बरोबर त्या जागी जातो. पाश्चात्त्य मांडणीतही हेच तत्त्व आहे. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे, चमचा सुरीच्या बाहेर, पाण्याचा पेला सुरीच्या टोकाच्या वर, आणि जे आधी लागणार ते ताटापासून सर्वांत दूर. फरक इतकाच की तेथे हत्यारांना जागा ठरलेली आहे आणि आपल्याकडे पदार्थांना. आमच्या जेवणात मटार पुलाव, मटणाचा रस्सा, सासूबाईंसाठी वांग्याचे भरीत, पोळ्या आणि शेवटी केक एवढेच होते. सुरीने कापण्याजोगे त्यात काहीच नव्हते, म्हणून सुरी ठेवली नाही. जी वस्तू वापरली जाणार नाही ती केवळ रिवाज म्हणून मांडली की पाहुणा विनाकारण अवघडतो. त्याऐवजी प्रत्येकाच्या डावीकडे रुमाल आणि जेवणानंतर हात बुडवण्यासाठी कोमट पाण्याची वाटी ठेवली.

थंडीचा विचार केला नसता तर या सगळ्या मेहनतीवर पाणी पडले असते. डिसेंबरातला तानसेन समारोह हा संगीत महोत्सव आटोपला की ग्वाल्हेरची थंडी हाडांत शिरते आणि ताटात वाढलेला रस्सा पाच मिनिटांत थिजू लागतो. त्यासाठी चिनी मातीच्या ताटल्या ऐनवेळी गरम पाण्यातून काढून, पुसून मग मांडल्या. पातेली टेबलावर आणलीच नाहीत. ती बाजूच्या फळीवर झाकून ठेवली आणि मी व भाचीने फिरून वाढले. टेबलावर पदार्थांची गर्दी केली की फुलांना आणि कोपरांना जागा उरत नाही. शिवाय ताटे एकमेकांकडे सरकवण्यापेक्षा वाढण्यात जो आग्रह असतो तो मला सोडवत नाही. खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये, कारण बंद खोलीत तिच्यातून विषारी वायू साठतो. आम्ही विजेचा हीटर लावला आणि दाराची झडप किलकिली ठेवली. त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने एक मेणबत्ती एका अंगाने गळू लागली, तेव्हा तिच्याआड पाण्याचा जग सरकवला.

मुलांसाठी मी कागदी क्रॅकर केले होते. लंडनचे मिठाईवाले टॉम स्मिथ यांनी 1847 च्या सुमारास कागदात गुंडाळलेल्या फ्रेंच मिठाईवरून ही कल्पना काढली आणि पुढे ओढताच फट् असा आवाज करणारी पट्टी तिच्यात घातली. माझ्या क्रॅकरमध्ये बार नव्हता. वर्तमानपत्राच्या नळीत दोन शंकरपाळे आणि एका ओळीचे कोडे घालून, दोन्ही टोके पिळून लाल दोऱ्याने बांधली होती. प्रत्येक ताटावर एकेक ठेवला आणि त्यावर नावाची चिठ्ठी लावली. नावे भाचीच्या मुलांनीच आधी येऊन आपल्या अक्षरात लिहिली होती. नवव्या चिठ्ठीवर काय लिहायचे असे धाकट्याने विचारले, तेव्हा सासूबाईंनी सांगितले, "पाहुणे, असे लिही."

साडेसात वाजता बेल वाजली. दारात बाई काठी टेकून उभ्या होत्या, मागे सर आणि मुले होती, आणि भाचीच्या शेजारी एक मुलगी संकोचून उभी होती. भाची ज्या रुग्णालयात काम करते तेथलीच ती केरळची परिचारिका. सुट्टी न मिळाल्याने गावी जाऊ शकली नव्हती, आणि नाताळच्या रात्री तिला वसतिगृहात एकटे सोडणे भाचीच्या जिवावर आले होते. "आधी कळवायला हवे होते, मावशी," असे भाची म्हणू लागली, पण धाकट्याने त्या मुलीचा हात धरून तिला थेट 'पाहुणे' लिहिलेल्या खुर्चीवर नेऊन बसवले. बाईंची जागा मी टेबलाच्या टोकाला, दाराजवळ ठेवली होती, म्हणजे त्यांना पाय लांब करता यावा आणि उठताना कोणाला हलवावे लागू नये. त्या बसल्या. हात पुसायला रुमाल उचलायच्या आधी त्यांनी टेबलक्लॉथवरून तळहात फिरवला, चादर जाणवली तेव्हा किंचित हसल्या, आणि मग डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली. ती मराठीतच होती.

जेवणाच्या दुसऱ्या भागाची कल्पना मी जयविलास राजवाड्यातून घेतली आहे. तेथल्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर रूळ बसवलेले आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरत असे, हे ग्वाल्हेरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही दाखवतो. डब्यांमधून ब्रँडी आणि सिगार फिरत आणि कोणी बाटली उचलली की गाडी तेथेच थांबत असे. लोकांचे लक्ष चांदीकडे जाते. माझ्या लक्षात राहिले ते हे की ती गाडी जेवण संपल्यावर येई, म्हणजे एकाच टेबलाला एका रात्रीत दोन रूपे असत. आम्हीही जेवण झाल्यावर ताटे, वाट्या, मीठ, लिंबू, सगळे उचलून टेबल पूर्ण रिकामे केले, पोळीचे कण झाडले आणि नव्याने मांडले: बाईंनी बसूनच फेटून भाजलेला फळांचा केक, करंज्या, आमच्याकडची तिळाची खुसखुशीत गजक, सोललेली संत्री आणि कॉफी. ट्यूबलाइट मालवला, केवळ मेणबत्त्या आणि कोपऱ्यातला पिवळा दिवा राहिला. सरांनी नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या वळणाने मराठीत आणली, त्यामुळे सासूबाईंना चाल ओळखीची वाटली आणि दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी टाळीवर ठेका धरला. केरळच्या मुलीने मग तिच्या भाषेतले एक गीत ऐकवले. रात्री साडेदहापर्यंत कोणी खुर्ची सोडली नाही.

सकाळी पाहिले तर गळलेल्या मेणबत्तीचे मेण चंदेरीच्या काठावर पडलेले होते. त्यावर बर्फाचा तुकडा ठेवून ते घट्ट केले, नखाने हलकेच खरवडले, आणि उरलेला तेलकट डाग दोन्ही बाजूंना टिपकागद ठेवून कोमट इस्त्रीने उतरवला. जरीला धक्का लागला नाही. लवंगांची संत्री मी पेटीत कपड्यांमध्ये ठेवण्यासाठी उन्हात वाळत घातली. बाईंचा डबा घासून, पुसून, त्यात गजक भरून ठेवली आहे आणि सोबत रनरही घडी करून ठेवला आहे, कारण पुढच्या वर्षी टेबल पुन्हा त्यांच्या घरी मांडायचे आहे.